१०५८ पास, एक गोल : स्पेन-जपान सामन्याचा तक्ता वाचताना

सामना संपला की पडद्यावर एक तक्ता येतो. चेंडूवरचा ताबा इतके टक्के, पास इतके, फटके इतके, कॉर्नर इतके. आपल्यातले बरेच जण तोवर टीव्ही बंद करायला उठलेले असतात. घरातली मुले मात्र तो तक्ता डोळ्यांत साठवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्याच आकड्यांवर हमरीतुमरीला येतात. "ताबा त्यांचा सत्तर टक्के होता, तरी हरले, म्हणजे निव्वळ नशीब" हे वाक्य गोव्यातल्या कुठल्याही मैदानाच्या कडेला, कुठल्याही चहाच्या टेबलावर ऐकू येते. हे वाक्य कितपत खरे आहे ते एका सामन्याच्या आकड्यांवरून तपासून पाहावे, म्हणून हा लेख. गणिताची भीती बाळगू नये. टक्केवारी काढता येते त्याला यातले सगळे समजेल.

सामना निवडला आहे तो २०२२ च्या कतार विश्वचषकातला. स्पेन विरुद्ध जपान, १ डिसेंबर २०२२, दोह्याजवळचे खलिफा आंतरराष्ट्रीय स्टेडियम. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता, म्हणजे तारीख २ डिसेंबर. ज्यांनी जागून पाहिला त्यांना तो आठवत असेलच. ज्यांनी सकाळी नुसता निकाल वाचला, त्यांना तो खरा वाटला नसेल. जपान २, स्पेन १.

आधी घडले काय ते थोडक्यात. ११व्या मिनिटाला अस्पिलिक्वेताने उजवीकडून चेंडू उंच टाकला आणि मोराताने डोक्याने गोल केला. त्यानंतर मध्यंतरापर्यंत जपानी खेळाडू बहुतेक वेळ चेंडूच्या मागे धावत होते. बचावफळीतल्या तिन्ही सेंटर-बॅकना, इताकुरा, तानिगुची आणि योशिदा यांना, पहिल्या अर्धातच पिवळी कार्डे मिळाली होती. मध्यंतराला प्रशिक्षक हाजिमे मोरियासू यांनी दोन बदल केले. कुबोच्या जागी दोआन आणि नागातोमोच्या जागी मितोमा. ४८व्या मिनिटाला दोआनने बरोबरी साधली, ५१व्या मिनिटाला तनाकाने दुसरा गोल केला. पुढचा सगळा वेळ स्पेन पास देत राहिला आणि जपान भिंत बांधून उभा राहिला.

आता तक्ता. स्पेनचे पास १०५८, जपानचे २२८. ताबा स्पेनचा ८२.३ टक्के, जपानचा १७.७ टक्के. अशा नोंदी १९६६ च्या विश्वचषकापासून उपलब्ध आहेत. तेव्हापासून विश्वचषकातला सामना जिंकणाऱ्या कुठल्याही संघाचा ताबा इतका कमी नव्हता.

या दोन ओळींत एक गंमत दडलेली आहे आणि ती मुलांना आवर्जून दाखवावी. १०५८ आणि २२८ यांची बेरीज १२८६. आता २२८ ला १२८६ ने भागा आणि शंभराने गुणा. उत्तर येते १७.७. म्हणजे ताब्याची टक्केवारी ही घड्याळ लावून मोजलेली गोष्ट नव्हेच. एकूण पासांत कुणाचा वाटा किती, एवढेच ती सांगते. आकडेवारी पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. काही जण वेळेवरून मोजतात, आणि फिफाने तर कतारच्या स्पर्धेत तिसरा रकाना सुरू केला होता : चेंडू धड याच्याकडेही नाही, धड त्याच्याकडेही नाही, दोघांची झटापट चालू आहे असा वेळ. म्हणूनच एकाच सामन्याचे आकडे दोन ठिकाणी वेगवेगळे दिसतात. त्यात कुणी लबाडी करत नसतो, मोजमापाची काठी वेगळी असते.

पासांवरून ताबा ठरवायचा म्हटले की एक गोष्ट ओघाने येते. दहा मीटर अंतरावर उभ्या असलेल्या दोन बचावपटूंनी चेंडू आपापसांत पाच वेळा फिरवला, तर पाच पास जमा. समोरच्या संघाने एकच लांब पास देऊन चेंडू थेट गोलापाशी नेला, तर एक पास जमा. तक्त्यात पहिला संघ पाचपट भारी दिसतो. स्पेनच्या १०५८ पासांपैकी फार मोठा हिस्सा रॉद्री, पाउ तोरेस आणि त्यांच्या पुढ्यातला बुस्केत्स यांच्यात फिरत होता. जपानची फळी तिथे त्यांना अडवायला जातच नव्हती, कारण तिथून गोल होत नाही. घरमालकाने ओसरी पाहुण्याला मोकळी करून द्यावी आणि माजघराचे दार लावून घ्यावे, तसा प्रकार.

हे नुसते आमचे मत नाही. याच स्पर्धेत आठच दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, स्पेनने कोस्टा रिकाविरुद्ध असाच खेळ केला होता. तिथेही हजारावर पास, तिथेही ताबा ऐंशी टक्क्यांच्या वर. निकाल ७-०. कोस्टा रिकाला त्या सामन्यात गोलाच्या दिशेने एकही फटका मारता आला नाही. दोन्ही सामन्यांचे पास आणि ताबा हे दोन रकाने शेजारी ठेवले, नावे झाकली आणि विचारले की यातला ७-० कुठला आणि १-२ कुठला, तर कुणालाही सांगता येणार नाही. ज्या आकड्यावरून जिंकलेला आणि हरलेला सामना ओळखता येत नाही, तो आकडा निकालाचे कारण सांगतो असे कसे म्हणायचे? तो खेळण्याची ढब सांगतो. तेवढे काम तो चोख करतो.

जपानचे तीन साखळी सामने पाहिले की हे आणखी ठसते. जर्मनीविरुद्ध ताबा साधारण पाव हिस्सा, निकाल २-१, जिंकले. स्पेनविरुद्ध १७.७ टक्के, पुन्हा २-१, जिंकले. मधल्या सामन्यात कोस्टा रिकाविरुद्ध चेंडू जास्त वेळ जपानकडेच होता, आणि तो सामना ते ०-१ ने हरले. त्या सामन्यात कोस्टा रिकाचा गोलावर गेलेला एकमेव फटका ८१व्या मिनिटाचा, आणि तोच गोल. चेंडू पायाशी आला की या संघाला पुढे काय करावे ते सुचत नव्हते, आणि चेंडू दुसऱ्याकडे असला की तो हिसकावून दहा सेकंदांत कुठे न्यायचा हे पक्के ठाऊक होते.

आता फटक्यांकडे वळू. आमच्या मते तक्त्यातला खरा कामाचा भाग इथून सुरू होतो. जपानचे फटके ६, त्यांतले ३ गोलाच्या चौकटीत. स्पेनचे फटके कुणी १२ मोजले आहेत, कुणी १४, आणि चौकटीत ५. म्हणजे पासांचे प्रमाण साडेचार पटीहून अधिक असताना फटक्यांचे प्रमाण जेमतेम दुपटीवर येते. साधा भागाकार करून पाहा. जपानने दर ३८ पासांमागे एक फटका मारला. स्पेनला एका फटक्यासाठी ७५ ते ८८ पास लागले.

नशिबाचा प्रश्न इथे नीट विचारता येतो. वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये, सगळ्या प्रकारचे फटके धरले तर शंभरामागे साधारण दहा गोल होतात. हा ढोबळ आकडा आहे, पण हिशेबाला पुरेसा. प्रत्येक फटक्याला दहा टक्के संधी धरली आणि स्पेनचे फटके १२ मानले, तर एकही गोल न होण्याची शक्यता ०.९ चा बारा वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे २८ टक्के. नेमका एक गोल होण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के. दोन्ही मिळून ६६. फटके १४ धरले तरी ही बेरीज ५८-५९ वर येते. म्हणजे इतके फटके मारणारा संघ शंभरातल्या साठेक वेळा एक किंवा शून्य गोलावरच थांबतो! स्पेनला एकच गोल मिळाला यात दुर्दैव कसले? त्यांच्या फटक्यांच्या हिशेबाने ते अगदी नेहमीसारखेच घडले. ८२ टक्के हा आकडा डोळ्यांत भरल्यामुळे आपल्याला ते विपरीत वाटते, इतकेच.

जपानची बाजू मात्र वेगळी आहे. सहा फटक्यांत दोन किंवा अधिक गोल होण्याची शक्यता याच हिशेबाने ११ टक्क्यांच्या आसपास निघते. नऊ वेळा प्रयत्न केला तर एकदा जमेल, असे. इथे नशिबाचा वाटा आहे हे मान्य करायला हवे. पण इथेही घाई करू नये, कारण सगळे फटके सारखे नसतात. मैदानावर उभा राहून खेळ पाहणाऱ्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. अलीकडे ज्याला 'अपेक्षित गोल' म्हणतात ते माप याच कारणाने आले. फटका कुठून मारला, पायाने की डोक्याने, समोर किती जण होते, यावरून आधीच्या हजारो फटक्यांच्या आधारे त्या एकेका फटक्याची किंमत ठरवतात. पेनल्टी असेल तर ती पाऊणच्या थोडी वर, पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेला फटका असेल तर शंभरात तीन-चार.

या कसोटीवर जपानचे दोन गोल दोन टोकांचे ठरतात. दोआनचा गोल क्षेत्राबाहेरून, डाव्या पायाने मारलेल्या जोरदार फटक्याचा. तसा फटका बहुतेक वेळा वाया जातो. या वेळी गोलरक्षक उनाय सिमोनचा हात लागूनही चेंडू आत गेला. तनाकाचा गोल मात्र गोलाच्या तोंडाशी, मोकळ्या जाळ्यात ढकललेला. तसा चेंडू समोर आला की आपल्या गावच्या स्पर्धेतला खेळाडूही सहसा चुकत नाही. पहिल्या गोलाला नशीब म्हणावे तर दुसऱ्याला म्हणता येत नाही.

आणि पहिल्यालाही पुरते म्हणता येत नाही, कारण फटका मारण्याआधी काय झाले ते तक्त्यात नाही. मध्यंतरानंतर जपानने खेळाची रीतच बदलली. माएदा थेट गोलरक्षकावर धावून गेला, त्याच्या मागून बाकीचे चढले. सिमोनने घाईत चेंडू डावीकडे बाल्देकडे उचलला, तिथे इतोने झेप घेऊन तो डोक्याने हिसकावला आणि चेंडू दोआनपुढे पडला. स्पेनसारखा चेंडू पायाशी खेळवणारा संघ गोलरक्षकापासून पासांची साखळी सुरू करतो. जपानने पंचेचाळीस मिनिटे ती साखळी चालू दिली आणि नेमक्या पाच-सहा मिनिटांपुरती पहिल्याच कडीवर तोडली. नव्वद मिनिटांची बेरीज दाखवणाऱ्या तक्त्यात ही पाच-सहा मिनिटे विरघळून जातात. आम्हाला विचाराल तर सगळ्याच तक्त्यांचा हा सर्वांत मोठा दोष. ते एकूण किती ते सांगतात, केव्हा ते सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट. ५१व्या मिनिटानंतर जपानला चेंडूची गरजच उरली नव्हती. आघाडीवरचा संघ मागे सरकतो, पिछाडीवरचा चेंडू घेऊन पुढे येतो, त्यामुळे हरणाऱ्याचा ताबा आपोआप वाढतो. जास्त ताबा असूनही हरले, असे आपण म्हणतो. कित्येकदा ते हरत होते म्हणूनच ताबा जास्त होता. अर्थात या सामन्यात एवढ्याने भागत नाही, कारण पहिल्या अर्धात पिछाडीवर असतानाही जपानने चेंडू स्पेनकडेच राहू दिला होता. तो डावच होता.

आता त्या दुसऱ्या गोलाकडे परत यायला हवे, कारण त्या रात्रीचा सर्वांत लहान आणि सर्वांत महाग आकडा तिथे आहे. दोआनने उजवीकडून गोलासमोरून चेंडू आरपार मारला. डाव्या टोकाला मितोमाने धावत जाऊन, चेंडू रेषेबाहेर जाता जाता, पाय लांब करून तो मागे ओढला आणि तनाकाने आत ढकलला. आधी गोल दिला गेला नाही, चेंडू बाहेर गेल्याचे धरले गेले. मग व्हिडिओ पंचांची तपासणी झाली आणि गोल मान्य झाला. टीव्हीवर एका बाजूने पाहताना चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवे गवत स्पष्ट दिसत होते, त्यामुळे जगभर आरडाओरडा झाला.

नियम असा की संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली तरच तो बाहेर, मग चेंडू जमिनीवर असो की हवेत. चेंडू गोल असतो. त्याचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे जमिनीला जिथे टेकतो त्या बिंदूच्या चारही बाजूंना त्याचे पोट अकरा-अकरा सेंटिमीटर पुढे आलेले असते. टेकण्याचा बिंदू रेषेच्या दहा सेंटिमीटर बाहेर असला तरी पोटाचा भाग रेषेवरच असतो. बाजूने पाहणाऱ्याला टेकलेला बिंदू आणि रेषा यांच्यातले गवत दिसते, अगदी वरून पाहणाऱ्याला पोट रेषेवर दिसते. हे घरी मुलांना चेंडू आणि पट्टी घेऊन दाखवता येते, दोन मिनिटांचे काम आहे. फिफाने नंतर गोलरेषेवरच्या कॅमेऱ्यांची चित्रे दाखवून निर्णय स्पष्ट केला. चेंडूचा रेषेवर राहिलेला भाग १.८८ मिलिमीटर होता, असे बातम्यांत आले.

दोन मिलिमीटरही नाहीत. आणि त्यावर कुणाचे काय अडले होते ते पाहा. त्याच वेळी अल बाइत स्टेडियमवर जर्मनी आणि कोस्टा रिका खेळत होते. स्तेफानी फ्रापार यांनी पंच म्हणून काम पाहिले तोच हा सामना. पुरुषांच्या विश्वचषकात प्रथमच एका महिलेकडे मुख्य पंचाची शिटी होती. (जर्मनी आणि कोस्टा रिका ही जोडी आपल्याला नवी नाही. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात त्यांचा सामना फातोर्ड्यालाच झाला होता आणि जर्मनीने तो २-१ जिंकला होता. त्याच मैदानावर पुढच्या सामन्यात इराणने जर्मन मुलांना ४-० ने धुतले, हेही पाहणाऱ्यांच्या स्मरणात असेल.) अल बाइतला जर्मनी ४-२ ने जिंकला.

शेवटच्या फेरीआधी गुण असे होते : स्पेन ४, जपान ३, कोस्टा रिका ३, जर्मनी १. सामने संपल्यावर जपान ६, स्पेन ४, जर्मनी ४, कोस्टा रिका ३. स्पेन आणि जर्मनी बरोबरीत, म्हणून गोलफरक पाहायचा. स्पेनचे ९ गोल आणि विरुद्ध ३, फरक अधिक ६. जर्मनीचे ६ आणि विरुद्ध ५, फरक अधिक १. जर्मनी बाहेर. स्पेनला तारले ते आठ दिवसांपूर्वीच्या सात गोलांनी.

समजा तो चेंडू बाहेर धरला गेला असता आणि बाकी सगळे जसेच्या तसे झाले असते, तर सामना १-१. स्पेन ५ गुण, जपान ४, जर्मनी ४. जपानचा गोलफरक शून्य, जर्मनीचा अधिक १. जपान घरी आणि जर्मनी बाद फेरीत. बाकी सगळे जसेच्या तसे होत नसते हे खरे, पण कागदावरचा हिशेब असा आहे. चार वेळच्या विश्वविजेत्या संघाला लागोपाठ दुसऱ्यांदा साखळीतच गाशा गुंडाळावा लागला, आणि ते दुसऱ्याच मैदानावरच्या एका रेषेमुळे.

स्पेनचीही त्या रात्री एकदा गाळण उडायची वेळ आली होती. ७०व्या मिनिटाला कोस्टा रिकाने २-१ अशी आघाडी घेतली आणि ७३व्या मिनिटाला हावर्त्झने बरोबरी केली. मधली सुमारे तीन मिनिटे गुणतक्त्यात जपान ६, कोस्टा रिका ६, स्पेन ४ असे चित्र होते. कोस्टा रिकाचा गोलफरक कितीही वाईट असो, गुण जास्त असल्यावर तो पाहायचे कारणच नव्हते. ८२ टक्के ताबा असलेला संघ त्या तीन मिनिटांत स्पर्धेबाहेर होता.

मोरियासूंविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. १९९३ साली याच दोह्यात, विश्वचषकाच्या पात्रता फेरीतल्या शेवटच्या सामन्यात इराकने अखेरच्या क्षणी गोल करून जपानला २-२ वर रोखले आणि जपानचा पहिल्यावहिल्या विश्वचषकाचा घास हिरावला. जपानमध्ये त्या दिवसाला 'दोह्याची शोकांतिका' म्हणतात. मोरियासू तेव्हा खेळाडू म्हणून मैदानात होते. एकोणतीस वर्षांनी त्याच शहरात भरपाई वेळेची मिनिटे मोजताना त्यांना काय वाटले असेल, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

जपान पुढच्या फेरीत क्रोएशियाकडून पेनल्टींवर हरला. स्पेनची गाठ ६ डिसेंबरला मोरोक्कोशी पडली. पुन्हा हजारावर पास, पुन्हा ताबा तीन-चतुर्थांशाच्या वर. १२० मिनिटांत गोलाच्या चौकटीत गेलेला फटका फक्त एक. ०-० नंतर पेनल्टी मारायला साराबिया, सोलेर आणि बुस्केत्स आले, आणि तिघांपैकी कुणालाच गोल करता आला नाही. २०१८ मध्ये मॉस्कोत रशियाविरुद्धही हजारावर पास देऊन स्पेन असाच पेनल्टींवर बाहेर पडला होता.

लुईस एन्रिके यांच्यानंतर लुईस दे ला फुएन्ते प्रशिक्षक झाले. २०२४ च्या युरो स्पर्धेत स्पेनचा पहिला सामना बर्लिनला क्रोएशियाशी होता. त्या सामन्यात स्पेनचा ताबा प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी भरला. स्पर्धात्मक सामन्यांत असे २००८ च्या युरो अंतिम सामन्यानंतर, म्हणजे मधले १३६ सामने, एकदाही झाले नव्हते. स्पेनने तो सामना ३-० असा जिंकला, आणि नंतरचे सहाही जिंकून युरो चषक घरी नेला.